पेटी, घंटी आणि खराटा

१९५१-५२ साली आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता भरली होती १८.३३ टक्के. म्हणजे शंभरातल्या ऐंशीहून जास्त माणसांना उमेदवाराचं नाव वाचता येत नव्हतं. मग तोड काढली गेली ती चित्राची. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. माणसं चित्र बघून आपली पेटी ओळखायची आणि तिच्यात मत टाकायची. अडाणी म्हणून ज्यांची संभावना झाली, त्यांनी चित्रांच्या आधारावर राज्य बनवलं.

आता या चित्रांची दुसरी बाजू. चित्र बदललं की ज्याला वाचता येतं त्याचं फारसं बिघडत नाही, तो खालचं नाव वाचतो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी मात्र चित्र हेच नाव असतं. चिन्ह गोठवलं म्हणजे काय होतं, हे २०२२ नंतर महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. कार्यकर्ते वाड्यावस्त्यांवर नवं चिन्ह समजावत फिरताना आपण सगळ्यांनी पाहिलेत.

हे सगळं आठवायला कारण संगणकावरची चित्रं. पडद्यावर फोल्डर, कचरापेटी, बाण अशी जी बारकी चित्रं दिसतात त्यांना आयकॉन म्हणतात, आणि अशा चित्रांच्या एका संचाला आयकॉन थीम. संच बदलला की पडद्यावरची सगळी चित्रं एकदम बदलतात. तरुण मुलं हौसेनं थीम बदलतात, भिंतीला नवा रंग द्यावा तशी. मीही या विषयाकडे हौस म्हणूनच बघितलं असतं. पण आमच्या घरात फुफी होती.

फुफी म्हणजे माझ्या अब्बांची थोरली बहीण. ऐन तिशीत विधवा झाली आणि शिवणाची मशीन चालवून तिनं आपला एकुलता एक मुलगा वाढवला. तो कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर गेला, तेव्हा मी तिला मिरजेला आमच्या घरी आणलं. मी तेव्हा हायस्कूलला गणित शिकवत होतो. फुफीला मराठी वाचता येत नव्हतं, हिंदी नाही, इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. लहानपणी मोहल्ल्यातल्या उस्तानीबींकडे ती कुराणशरीफ वाचायला शिकली होती. अर्थ कळत नसे, पण अरबी अक्षरं जोडून ती न अडखळता वाचायची. तिचं सगळं वाचन तेवढंच. बाकी हिशेब बोटांवर आणि आठवणी डोक्यात.

२००८ साली आम्ही घरात संगणक घेतला. त्याच्यावर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. पैसे पडत नाहीत हे एक कारण, आणि शाळेत आम्ही तेच वापरायचो हे दुसरं. कुवेतहून भाईजान ईमेलनं फोटो पाठवायचा आणि आवाजाच्या फायली पाठवायचा. फोन महाग होता. दहा-पंधरा मिनिटं निवांत बोलून तो रेकॉर्ड करायचा आणि पाठवून द्यायचा. मी त्या फायली उतरवून ठेवायचो. फोटो फोटोंच्या फोल्डरमध्ये, आवाज संगीताच्या फोल्डरमध्ये.

पहिले काही दिवस फुफी मला हाक मारायची, ‘‘बाबू, जरा उसकी आवाज लगा रे.’’ मी शाळेत असलो तर ती संध्याकाळपर्यंत थांबायची. मग माझ्या लेकीनं, ती तेव्हा नववीत होती, तिला माऊस धरायला शिकवलं. साठ वर्षं सुई धरलेला हात तो. चार दिवसांत बाण अचूक जाऊ लागला.

हात शिकला, चित्रं मात्र अडवू लागली.

पहिला प्रसंग फोटोंचा. एक फोटो उघडला की पुढच्या फोटोसाठी उजवीकडे तोंड केलेला बाण दाबायचा असतो. फुफी दरवेळी डावा बाण दाबायची आणि मागे जायची. लेक म्हणायची, ‘‘दादीजान, उधर नहीं, इधर.’’ फुफी बुचकळ्यात पडायची. मला पुष्कळ उशिरा उमगलं की तिचं काही चुकत नव्हतं. जन्मभर तिनं एकच किताब वाचली, तिच्या ओळी उजवीकडून डावीकडे जातात आणि पुढचं पान डाव्या हाताला असतं. तिच्यासाठी ‘पुढे’ म्हणजे डावीकडे. बाण कुठल्या बाजूला पुढे जातो, हे ज्यानं त्यानं कुठली लिपी शिकली यावर ठरतं.

दुसरा प्रसंग टोपलीचा. पडद्याच्या कोपऱ्यात कचऱ्याची टोपली होती. नातवाचा एक फोटो फार आवडला म्हणून फुफीनं तो ओढून त्या टोपलीत ठेवला. का? तर आमच्याकडे भाकरी दुरडीत ठेवतात. चांगली वस्तू झाकून ठेवायची जागा म्हणजे दुरडी. टोपली कचऱ्यासाठी असते हे तिला कोण सांगणार? तिच्या घरी कचरा खराट्यानं लोटून उकिरड्यावर जायचा, टोपलीत कधी गेलाच नाही. फोटो टोपलीतून परत काढता आला, पण मला प्रश्न पडला की ही चित्रं मुळात कुणाच्या घरातली?

पुस्तकं चाळली तेव्हा उत्तर मिळालं. ती घरातली नव्हतीच, ऑफिसातली होती. संगणकावरच्या चित्राला ‘आयकॉन’ हा शब्द डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी वापरला, १९७५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात. पुढे त्यांनी झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकावर काम केलं. १९८१ साली आलेल्या त्या यंत्राच्या पडद्यावर कागद होते, फोल्डर होते, फायली ठेवायचे खण होते. अमेरिकन कारकुनाच्या टेबलावर जे जे असतं ते ते. त्या कारकुनाला हे फार सोयीचं झालं असणार. आमच्या फुफीनं मात्र कानाचा फोल्डर आयुष्यात हाताळला नव्हता. ती त्या चित्राला ‘पाकिट’ म्हणायची.

१९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला. त्यावरची चित्रं सुझान केअर या बाईंनी काढली. त्यांना संगणकाचा अनुभव नव्हता. त्यांनी चौकटींची वही घेतली आणि बत्तीस आडव्या, बत्तीस उभ्या चौकटी काळ्या-पांढऱ्या भरत चित्रं केली. एका चित्रात १,०२४ चौकटी. मोझेक आणि सुईकाम माहीत असल्यानं हे काम जमलं, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. हे वाचताना माझी नजर आमच्या दिवाणखान्यातल्या भिंतीकडे गेली. तिथे फुफीनं दोसुतीवर फुल्यांच्या टाक्यानं भरलेला गुलाबांचा तक्ता टांगलेला होता. तोही चौकटी मोजूनच भरलेला.

पण तेव्हा ते तेवढ्यावरच राहिलं. आम्ही सोपा उपाय केला. फोल्डरवर उजवं बटण दाबून त्याच्या माहितीची खिडकी उघडली, तिथल्या चित्रावर क्लिक केलं आणि फुफीच्या पत्र्याच्या पेटीचा फोटो निवडला. फोल्डरची पेटी झाली. फुफी खूश. लग्नात आलेली ती पेटी अजून तिच्या खाटेखाली होती आणि घरातले जुने फोटो तिच्यातच होते. आता ती दुपारी जेवणं आटोपली की संगणक लावायची, पेटी उघडायची आणि मुलाला बघायची. कुणाला हाक मारावी लागत नव्हती. परावलंबी माणसाला अशी एखादी गोष्ट आपली आपण करता येणं म्हणजे काय, ते त्या वयाला पोचल्याशिवाय पुरतं कळत नाही.

२०१० साली संगणकाची हार्ड डिस्क कुरकुरू लागली. दुकानात दिला. दुकानदारानं सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर काढल्या, नवी आवृत्ती भरली, फायली परत आणून ठेवल्या. एकही फोटो गेला नव्हता. मी पैसे देऊन समाधानानं घरी आलो. दुपारी फुफी पडद्यासमोर बसली आणि बसूनच राहिली. पेटी नव्हती. सगळे फोल्डर वेगळ्याच रंगाचे, वेगळ्याच आकाराचे. टोपलीचंही रूप बदललेलं. मी म्हणालो, ‘‘फुफी, सगळं आहे तिथंच आहे. फक्त चित्रं बदललीत.’’

ती म्हणाली, ‘‘चित्रां पलटाए, मेरेकू पूछे क्या कोई?’’

मी उत्तर दिलं नाही. द्यायला काही नव्हतं.

चित्रं का गेली ते नंतर शोधलं. आपण एखाद्या फोल्डरला असं चित्र चिकटवतो तेव्हा ते फोल्डरला चिकटत नाही. ‘या फोल्डरला हे चित्र दाखव’ एवढी नोंद दुसरीकडे, वापरणाऱ्याच्या खात्यात लपवलेल्या एका वहीत होते. फोल्डर उचलून नेला तर वही मागेच राहते. केडीई नावाची लिनक्सची जी दुसरी मांडणी आहे तिच्यात ही नोंद फोल्डरच्याच पोटात एका लपलेल्या फायलीत असते, तिथे ती टिकते. आमची मांडणी ग्नोम होती. वही गेली, पेटी गेली.

मग पक्का उपाय काय, याच्या मागे मी लागलो. हे चित्रांचे संच मुळात राहतात कुठे? एकदा ती जागा सापडली की भीती मोडते. लिनक्सवर सगळ्यांसाठी असलेली चित्रं एका ठरलेल्या ठिकाणी असतात. यूएसआर नावाचा फोल्डर, त्यात शेअर, त्यात आयकॉन्स. तिथे जेवढे फोल्डर तेवढ्या थीम. आत आकारांप्रमाणे खण: १६, २२, २४, ३२, ४८, आणि हवी तेवढी ताणता येणारी चित्रं वेगळी. प्रत्येक खणात पुन्हा कप्पे: कामांची चित्रं, जागांची चित्रं, यंत्रांची, फायलींच्या प्रकारांची. ही गावाची सामाईक जागा. तिथे बदल करायचा तर मालकाचा पासवर्ड लागतो.

पण प्रत्येकाच्या घरातही एक जागा असते. आपल्या होम फोल्डरमध्ये ‘आयकॉन्स’ नावाचा एक फोल्डर, नावाआधी टिंब. टिंब असलं की तो डोळ्यांना दिसत नाही. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतो, नसला तर आपण करायचा. नव्या पद्धतीत याच कामासाठी टिंब-लोकल, त्यात शेअर, त्यात आयकॉन्स अशीही जागा आहे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की चित्र शोधताना यंत्र आधी घरात बघतं, मग गावात. घरात ठेवलेल्या चित्राला कुणाची परवानगी लागत नाही.

हे नियम कुण्या एका कंपनीचे नाहीत. लिनक्सवर ग्नोम, केडीई अशा वेगवेगळ्या मांडण्या आहेत. पूर्वी प्रत्येकीची चित्रं निराळी, त्यांची नावं निराळी. २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप हा प्रकल्प सुरू केला, तिथे या मांडण्यांनी सामाईक नियम ठरवले. चित्र कुठे ठेवायचं याचा एक नियम आणि चित्राला नाव काय द्यायचं याचा दुसरा. कचऱ्याच्या जागेचं नाव ‘युजर-ट्रॅश’. थीम कुठलीही असो, नाव तेच. २००५ साली सुरू झालेल्या टँगो प्रकल्पानं या नावांप्रमाणे चित्रांचा एक साधा, नीटस संच काढून दाखवला. त्यात ‘साठवा’ या कामासाठी फ्लॉपी नव्हती, हार्ड डिस्क होती आणि तिच्यात उतरणारा बाण. सोनी कंपनीनं २०११ साली फ्लॉपीची विक्री थांबवली, तरी अजून कितीतरी ठिकाणी ‘साठवा’ म्हणजे फ्लॉपीचं चित्र. ज्यांनी फ्लॉपी पाहिलीच नाही अशी मुलंही ते दाबतात. वस्तू मेली, खूण राहिली.

नाव आणि चित्र वेगळं असणं हीच खरी किल्ली होती. एकेका फोल्डरला चित्र चिकटवायची गरजच नव्हती. फोटोंच्या ठरलेल्या जागेचं नाव ‘फोल्डर-पिक्चर्स’, संगीताच्या जागेचं ‘फोल्डर-म्युझिक’. घरातल्या थीममध्ये या नावांची दोन चित्रं ठेवली की काम झालं. आणि तो घरातला फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवला की दुकानदारानं कितीही वेळा नवी आवृत्ती भरू दे, परत आणून ठेवायचा आणि निवडायचा. बस.

पण चित्रं कुठली? या वेळी आम्ही फुफीला विचारलं. मी चौकटींचा कागद आणला, मुलांना आलेख काढायला लागतो तो. फुफीनं कागद बाजूला सारला. म्हणाली, ‘‘कागद नक्को. दोसुती ला.’’

लेकीनं तिला सांगितलं, चोवीस चौकटी आडव्या, चोवीस उभ्या. एका टाक्याच्या चार चौकटी केल्या की बरोबर ४८ चं चित्र होतं. ५७६ टाक्यांची जागा. फुफीनं पहिल्यांदा पेटी भरली, निळी, पिवळ्या कडीची. आवाजांच्या फोल्डरसाठी काय भरावं यावर ती दोन दिवस विचार करत होती. मला वाटलं रेडिओ भरेल. तिनं सायकलची घंटी भरली. भाईजान शाळेतून यायचा तेव्हा गल्लीच्या तोंडापासून घंटी वाजवत यायचा. तिच्या कानात मुलाचा आवाज त्या घंटीनं सुरू व्हायचा. कचऱ्यासाठी खराटा. एवढी तीनच चित्रं. ‘‘बस्स, मेरा कारोबार इत्ताच है,’’ ती म्हणाली.

लेकीनं तुकड्यांचे फोटो काढले, गिंप नावाच्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये टाका बघून चौकट भरली आणि फायली केल्या. पण यादीसारख्या मांडणीत १६ चं बारकं चित्र लागतं. मोठं चित्र आकसून केलं तर पेटीचा निळा ठिपका झाला. आम्ही फुफीला दाखवलं. तिनं सोळा बाय सोळाचा वेगळा तुकडा भरला. पेटीच्या कडा काढून टाकल्या, बाजूची फुलं काढली आणि कडी होती त्याहून मोठी केली. ‘‘कडी दिसी तो पेटी दिसी,’’ म्हणाली. पुढे मी वाचलं की चांगले चित्रकार नेमकं हेच करतात. बारकं चित्र आकसून करत नाहीत, नव्यानं काढतात, आणि वस्तू ओळखू येण्यापुरतं ठेवून बाकीचं सोडतात. फुफीला ते कुणी शिकवलं नव्हतं.

थीमला एक कागदपत्रही लागतं. ‘इंडेक्स’ नावाची छोटी फाइल. तीत थीमचं नाव, खणांची यादी, प्रत्येक खणाचा आकार. यादीत खण लिहिला नाही तर आत चित्र असूनही यंत्र तिकडे बघत नाही. आणि एक ओळ असते ‘इनहेरिट्स’, म्हणजे वारसा. आपल्या संचात जे चित्र नाही ते कुणाकडे मागायचं, ते इथे लिहायचं. आम्ही लिहिलं टँगो. फुफीची तीन चित्रं, बाकी शेकडो टँगोची. टँगोकडेही नसेल तर यंत्र शेवटी ‘हायकलर’ नावाच्या संचाकडे जातं. तो सगळ्यांचा शेवटचा आसरा. घरात साखर संपली की शेजारी, शेजारी नाही तर मोहल्ल्यातल्या मोठ्या घरी, तशी रीत. म्हणूनच तीन चित्रांचीही थीम होऊ शकते. सगळं आपल्याकडे असायलाच हवं असं नाही.

थीमचं नाव आम्ही ठेवलं ‘फुफी’. सेटिंगमध्ये अपिअरन्सच्या खिडकीत टँगोच्या जोडीला ते नाव आलं. निवडलं, आणि पडद्यावर पेटी, घंटी, खराटा.

बाणाचं राहिलं होतं. तेही सुटलं. अरबी, फारसी, उर्दू, हिब्रू अशी उजवीकडून लिहिली जाणारी भाषा निवडली की ग्नोम सगळी मांडणीच आरशात धरल्यासारखी फिरवतं, आणि पुढे-मागेच्या बाणांसाठी संचात ‘आरटीएल’ अशी शेपटी लावलेली वेगळी चित्रं असतात, ती घेतं. आम्ही फुफीसाठी वेगळं खातं केलं आणि त्याची भाषा अरबी ठेवली. अर्थ कळणार नव्हता, पण इंग्रजीचा तरी कुठे कळत होता? निदान अक्षरं ओळखीची होती. ती खालची नावं हलक्या आवाजात जोडून वाचायची. आणि ‘पुढे’ आता डावीकडे होतं. तिचा बाण एकदाही चुकला नाही.

पुढची सात-आठ वर्षं तो पेन ड्राइव्ह आमच्या कपाटात दस्तऐवजांच्या शेजारी राहिला. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि सेटिंगमधून थीम निवडायची सोयच निघाली. त्यासाठी ‘ट्वीक टूल’ नावाचा निराळा प्रोग्राम घ्यावा लागला. संगणक नवा झाला, तेव्हा मी आधी तो प्रोग्राम घेतला, मग फुफीचा फोल्डर घरातल्या जागी ठेवला, मग तिला बसवलं. तिला कधी कळलंही नाही की आतलं सगळं बदललंय. तिची तीन चित्रं जागेवर होती.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे, ती सांगितली पाहिजे. २०१९ साली ग्नोमसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या काही जणांनी एक जाहीर पत्र काढलं. त्यांचं म्हणणं, लिनक्सच्या आवृत्त्या तयार करणाऱ्यांनी आमच्या प्रोग्रामांवर आपल्या थीम परस्पर लादू नयेत. आम्ही एका अर्थानं चित्र योजतो, थीम ते बदलते, अर्थ हुकतो, आणि वापरणारा बिचारा आम्हाला दोष देतो. माणसानं स्वतःच्या यंत्रावर काय करावं याला त्यांची हरकत नव्हती. मला हे पत्र पटलं. फुफीचंही भांडण तेच होतं. हजारो लोकांची चित्रं त्यांना न विचारता बदलणं एक, आणि एका माणसानं आपल्या घरातली चित्रं आपल्या सोयीनं लावणं दुसरं. मात्र पहिलं थांबवता थांबवता दुसऱ्याची वाट अवघड होत जाते. निवडीची खिडकी समोरून उठून आतल्या खोलीत जाते, मग तिच्यासाठी निराळा प्रोग्राम लागतो. जाणकाराला त्याचं काही वाटत नाही. अडतो तो, ज्याच्या घरी विचारायला कुणी नसतं. आज हातातल्या फोनवर एका रात्रीत चित्रं बदलतात, आणि सकाळी कितीतरी म्हातारी माणसं फोन नातवापुढे धरून उभी राहतात. आपल्याला वाटतं, यांना काही समजत नाही. खरं तर त्यांना सगळं समजत होतं, काल रात्रीपर्यंत.

फुफी २०१८ साली गेली. भाईजान कुवेतहून आला. चाळीसवं झाल्यावर परत जाताना त्यानं दोन गोष्टी मागून घेतल्या. एक, दोसुतीचे ते चार तुकडे. दुसरी, पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरची नक्कल. तो म्हणाला, ‘‘बाबू, मला ही घंटी माहीतच नव्हती रे.’’ त्याला आवाजाच्या फायली माहीत होत्या, त्यानंच पाठवल्या होत्या. त्या कुठल्या चित्राखाली ठेवल्या जात होत्या ते मात्र त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

माझी लेक आता पुण्याला नोकरी करते. तिनं आपल्या संगणकासाठी स्वतःची थीम केली आहे, पाच-सहा चित्रांची. मागच्या ईदला आली तेव्हा तिची इंडेक्सची फाइल मी उघडून बघितली. वारशाच्या ओळीत तिनं टँगो लिहिलेलं नाही. फुफी लिहिलं आहे. जे तिच्याकडे नाही ते यंत्र आधी फुफीकडे मागतं, आणि फुफीकडे नसेल तर फुफी पुढे टँगोकडे पाठवते.

तुमच्या घरात असं कुणी असेल, न वाचणारं किंवा आता डोळ्यांनी वाचता न येणारं, तर एवढं करा. नवं यंत्र आणण्याआधी, नवी आवृत्ती भरण्याआधी त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा, तुम्ही कशावरून ओळखता? फोटोची जागा म्हणजे तुमच्यासाठी काय? त्यांनी जे सांगितलं ते चित्र घरातल्या जागी ठेवून द्या आणि त्याची एक नक्कल कपाटात ठेवा. काम तासाभराचं आहे. विचारायला मात्र बसावं लागतं.